धुळीची ऊब

आपल्या भाषेनं धुळीला काही बरं वागवलेलं नाही. शत्रूला हरवलं की आपण त्याला धूळ चारतो, फसवायचं असलं की डोळ्यांत धूळ फेकतो, वैभव गेलं की ते धुळीला मिळतं आणि गरिबाचा अर्ज कचेरीत धूळ खात पडतो. 'पायधूळ झाडा' म्हणतो तेवढाच काय तो मान. पण तोही पायांचा, धुळीचा नव्हेच. नाही म्हणायला एक गोरज मुहूर्त आहे. गाई परतताना उडालेल्या धुळीतून संध्याकाळचा जो उजेड दिसतो तो कुणा जाणत्याला शुभ वाटला असावा. तो माणूस मला फार आवडतो.

मी ज्या धुळीविषयी लिहिणार आहे ती मात्र गाईंच्या खुरांनी उडालेली नाही. ती इथून सुमारे ४ कोटी ७० लाख प्रकाशवर्षं दूर, तिमिंगल तारकासमूहातल्या एका दीर्घिकेच्या अगदी गाभ्यात आहे. दीर्घिकेला एम ७७ म्हणतात. शास्त्रज्ञांच्या वहीत तिचं दुसरं नाव एनजीसी १०६८. एस. वाय. बी. ए.च्या, भूगोल घेतलेल्या मुलीनं या भानगडीत कां पडावं, असं काही मैत्रिणींनी विचारलं. त्याचं उत्तर थोडक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

भूगोलाच्या तासाला दूरसंवेदन चाललं होतं. सरांनी रात्री घेतलेलं एक औष्णिक चित्र दाखवलं. अंधारातच घेतलेलं, पण त्यात नदी उजळ आणि भोवतीची जमीन काळी. पाणी दिवसाची ऊब रात्रभर धरून ठेवतं, जमीन लवकर निवते, एवढंच कारण. "हे चित्र उजेडाचं नाही, उबेचं आहे," सर म्हणाले. मग तास संपता संपता, जाता जाता बोलावं तसं म्हणाले, की याच अवरक्त किरणांनी खगोलशास्त्रज्ञ दीर्घिकांच्या पोटातली धूळ पाहतात. घंटा झाली. सगळे उठले. मी बसूनच राहिले.

कारण उबेवरून आतलं ओळखणं हा आमच्या घरचा धंदा आहे. माझे आबा वीटभट्टीवर भट्टी लावतात. भट्टी आमची नव्हे, मालकाची. पण ती रचायची कशी, कोळशाची चुरी किती थरांत घालायची, बाहेरून मातीनं लिंपायची किती जाड, हे आबा ठरवतात. भट्टी एकदा पेटली की पंधरा-वीस दिवस आतल्या आत जळत राहते. बाहेरून पाहिलं तर मातीचा एक मुका ढिगारा. जाळ दिसत नाही, आवाज नाही, रात्री तर ती काळोखातला आणखी एक काळोख असते. आबा तिच्याभोवती हळूहळू फेरी मारतात आणि तळहात नव्हे, हाताची पालथी बाजू भिंतीपासून वीतभर लांब धरतात. "हिकडं चढलाय. त्या कोपऱ्यात अजून दोन दीस." झालं. त्यांच्याजवळ दुसरं यंत्र नाही. आणि त्या कोपऱ्यात दोन दिवस लागतातच.

हेच यंत्र १८०० साली विल्यम हर्शेल यांनी इंग्लंडमध्ये वापरलं, फक्त हाताऐवजी तापमापक घेतला. लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून ते एकेका रंगाची ऊब मोजत होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्याला काहीच रंग दिसत नाही, तिथं ठेवलेला पारा सगळ्यांत जास्त चढला. अदृश्य उजेड सापडला तो असा. कोरोनाच्या साथीत शाळेच्या दारात आपल्या कपाळावर जे पिस्तूल रोखलं जायचं ते हेच किरण मोजत होतं. तुम्ही, मी, आपली प्राचार्यांची खुर्ची, सगळेच अवरक्तात मंद तेवत असतो. आपल्या अंगाची ऊब सगळ्यांत जास्त बाहेर पडते ती दहा मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या दीर्घिकेकडे वळू. १९४३ साली कार्ल सेफर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं सहा दीर्घिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची केंद्रं विलक्षण तेजस्वी होती, आणि वर्णपटातल्या रेषा ताणल्यासारख्या रुंद. रेषा रुंद होते ती वायू फार वेगानं धावत असला की; इथं वेग सेकंदाला हजारो किलोमीटरपर्यंत जात होता. एनजीसी १०६८ त्या सहांतलीच. पुढे कळलं, की अशा केंद्रात प्रचंड कृष्णविवर असतं (एनजीसी १०६८ मधलं सुमारे एक कोटी सूर्यांच्या वजनाचं), त्यात पडणारा वायू तबकडीसारखा फिरत तापतो आणि लखलखतो. याला सक्रिय दीर्घिकाकेंद्र म्हणतात. कृष्णविवर, दीर्घिका हे शब्द मला आधी भेटले ते आपल्या ग्रंथालयातल्या जयंत नारळीकरांच्या पुस्तकांत. २० मे २०२५ रोजी ते गेले तेव्हा एफ. वाय.ची परीक्षा आटोपून मी भट्टीवर होते. रेडिओवर बातमी लागली. आबांनी विचारलं, "वळखीचे व्हते का?" मी म्हटलं, "हो."

या केंद्रांचे दोन प्रकार दिसत. काहींत रुंद रेषा आणि अरुंद रेषा दोन्ही, काहींत नुसत्याच अरुंद. १९७४ मध्ये खाचिकियान आणि वीडमन यांनी तसे दोन वर्गच पाडले, आणि एनजीसी १०६८ दुसऱ्या वर्गात गेली. दोन वर्ग म्हणजे दोन जाती की काय, यावर वाद चालू राहिला. तो वाद कसा निवत गेला ती गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९८५ साली अँटोनुची आणि मिलर यांनी एनजीसी १०६८ चा फक्त ध्रुवित प्रकाश वेगळा काढून पाहिला. ध्रुवित म्हणजे कशावर तरी आपटून, विखुरून आलेला. आणि त्या चोरवाटेनं आलेल्या उजेडात रुंद रेषा होत्या! म्हणजे लखलखता गाभा आत होताच. आपल्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी आडवं उभं होतं. पण गाभ्याचा उजेड वरच्या मोकळ्या बाजूनं सुटून तिथल्या वायूवरून विखुरत आपल्यापर्यंत येत होता. भट्टीच्या पाठीमागे उभं राहिलं तर तोंडाचा जाळ दिसत नाही, पण वर गेलेल्या धुरावर त्याची लाली दिसते. तसंच.

आडवं उभं होतं ते धुळीचं कडं. इंग्रजी पुस्तकं त्याला मध्ये भोक असलेल्या गोड वड्याची उपमा देतात. माझी आई विटा वाहताना डोक्यावर लुगड्याच्या धडप्याची चुंबळ ठेवते; मला ते कडं पहिल्यापासून चुंबळच दिसलं. वरून पाहिलं तर मधलं भोक दिसतं, म्हणजे गाभा उघडा. कडेनं पाहिलं तर नुसता पीळ. जात एकच, पाहणाऱ्याची जागा वेगळी. (हे वाक्य समाजशास्त्राच्या पेपरात लिहिता येईल का, असा विचार मनात आला होता. असो.)

ही धूळ आपल्या ओटीवरच्या धुळीसारखी नाही. तिचे कण मायक्रॉनपेक्षाही लहान, धुराच्या जवळचे. काही वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकेट, काही कोळशाच्या जातीचे. दिसणारा उजेड ती अडवते. पण अडवलेला उजेड जातो कुठं? धूळ तो गिळते, तापते आणि तेवढीच शक्ती ऊब म्हणून, अवरक्तात, परत देते. सेफर्ट दीर्घिकांतली ही ऊब तापलेल्या धुळीची असावी असं १९६९ साली रीस, सिल्क, वर्नर आणि विक्रमसिंघे यांनी मांडलं. चंद्रा विक्रमसिंघे हे श्रीलंकेचे. नारळीकर आणि ते दोघेही फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी. तेव्हा ज्यानं गाभा लपवला त्यानंच त्याची खबर द्यावी, असा हा उलटा कारभार.

खबर ऐकणं मात्र भयंकर अवघड. तो दहा मायक्रॉनचा आकडा आठवा. त्याच तरंगलांबीवर दुर्बीण स्वतः तेवते, हवा तेवते, निरीक्षकही तेवतो. पेटलेल्या भट्टीत उभं राहून दूरच्या काडेपेटीची काडी शोधण्यासारखं ते आहे. फ्रँक लो यांनी १९६१ साली जर्मेनियमचा एक उष्णतामापक बनवला. तो द्रवरूप हेलियममध्ये उणे २७० अंशांच्या आसपास गार ठेवायचा, म्हणजे निदान तो तरी गप्प बसेल. १९८३ साली आयरास नावाचा उपग्रह हेलियमचा साठा घेऊन वर गेला आणि साठा संपेपर्यंतच्या दहा महिन्यांत त्यानं जवळजवळ सगळं आकाश अवरक्तात चाळून काढलं. पण कड्याचा आकार काही त्याला दिसणं शक्य नव्हतं.

आकार दिसला तो २००४ मध्ये. चिली देशात आटाकामा वाळवंटात पारानाल नावाचा डोंगर आहे, साधारण २६०० मीटर उंच. तिथं ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणी आहेत आणि त्यांचा उजेड जमिनीखालच्या बोगद्यांतून एकत्र आणून एकाच अवाढव्य दुर्बिणीसारखं काम करून घेता येतं. चौघींची नावं तिथल्या मापुचे लोकांच्या भाषेतली: अंतू, कुएयेन, मेलिपाल, येपुन; म्हणजे सूर्य, चंद्र, दक्षिणेचा क्रूस आणि शुक्र. १९९९ साली या नावांवर चिलीतल्या शाळकरी मुलांची निबंधस्पर्धा घेतली होती, आणि पहिला आला तो तांब्याच्या खाणीच्या गावातल्या सतरा वर्षांच्या मुलीचा निबंध. मला हे फार बरं वाटलं. कां, ते सांगत नाही.

तर तिथं वॉल्टर याफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दुर्बिणी जोडून एनजीसी १०६८ चा गाभा पाहिला. सुमारे ११ प्रकाशवर्षं रुंदीची कोमट धूळ आणि तिच्या आत ८०० केल्विनहून तापलेली छोटी जागा. मी वहीत भागाकार केला. चार कोटी सत्तर लाख प्रकाशवर्षांवरून ११ प्रकाशवर्षं म्हणजे आमची नऊ इंची वीट साधारण हजार किलोमीटरवरून पाहणं! आणि त्या कोमट धुळीचं तापमान किती? ३२० केल्विन, म्हणजे ४७ अंश सेल्सिअस. चंद्रपूरला मे महिन्यात पारा जिथवर चढतो तिथंच. वर्तमानपत्रात चंद्रपूरचा आकडा आला की मला आता दुसरंच काही आठवतं.

हे सगळं मी आबांना सांगायचं ठरवलं. भीती होती, की ते म्हणतील, "आन याचा उपेग काय?" सुट्टीतल्या एका रात्री राखणीला मीही गेले होते. मी जमेल तसं सांगत गेले. आबा ऐकून घेत होते. मग विचारलं, "एवढा जाळ हाय तर धूळ जळत न्हाय व्हय?"

मी चकित झाले. कारण १९८७ साली बारवेनिस यांनी नेमका हाच मुद्दा धरून हिशोब मांडला होता. धूळ जळते. सुमारे १५०० केल्विनच्या वर, म्हणजे १२०० अंशांच्या पुढे, कण वाफ होऊन जातात. आमच्या भट्टीत जाळ प्रमाणाबाहेर चढला तर विटा वितळून एकमेकींना चिकटतात, त्यांना खंगर म्हणतात. तिथं खंगरही उरत नाही. म्हणून गाभ्याभोवती एक रिकामी जागा राहते आणि धूळ जगू शकते त्या रेषेपासून कडं सुरू होतं. गाभा जितका तेजस्वी तितकी ती रेषा लांब.

"मग ती रेघ किती लांब, हे कसं मोजलं?" असं ते विचारतील म्हणून मी तयारच होते. पण त्यांनी विचारलं ते असं: "आत जाळ वाढला तर भाईर ऊब किती दिसानं पोचती?"

मित्रहो, ही पद्धत शास्त्रज्ञ खरोखर वापरतात. गाभ्याचा उजेड सारखा कमीजास्त होत असतो. तो भडकला की भोवतीची धूळही भडकते, पण लगेच नाही. उजेडाला तिथवर पोचायला जेवढे दिवस लागतात तेवढ्या दिवसांनी. दिवस मोजा, अंतर मिळालं. १९८९ साली फेअरॉल ९ नावाच्या केंद्रात हा उशीर सुमारे ४०० दिवसांचा निघाला. जपानी शास्त्रज्ञांनी तर हवाईच्या हालेआकाला डोंगरावर २ मीटरची एक दुर्बीण मुख्यतः याच कामासाठी बसवली आणि वर्षानुवर्षं तीच ती केंद्रं पाहिली. एनजीसी ४१५१ मध्ये उशीर महिना-दोन महिन्यांचा आला. म्हणजे गाभ्यापासून धुळीची पहिली ओळ प्रकाशाच्या महिना-दोन महिन्यांच्या वाटेवर. आमच्या भट्टीत जाळ विटेतून विटेत सरकतो, तिथं उजेडच धावतो, हा फरक मी आबांना सांगितला. त्यांना तो फरक वाटला नाही. "दीस मोजायचे. आमी बी तेच करतो," म्हणाले.

इथं मला थोडं निराळं बोलायचं आहे. दहावीला गुण बरे होते. पण सायन्सची अकरावी तालुक्याला, तिथली शिकवणी, एस. टी.चा पास, हा हिशोब आबांनी बोटांवर केला आणि मी कलाशाखेत आले. त्याचं रडगाणं मला गायचं नाही. भूगोल नसता तर ते उबेचं चित्र मला दिसलंच नसतं. दुसरीच एक गोष्ट सलते. गेल्या पावसाळ्यापासून आबांना खोकला आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तोंडाला फडकं बांधून काम करा म्हणाले. फडकं बांधलं तर दम लागतो, मग ते गळ्यात येतं. त्यांच्या छातीत जी आहे तीही धूळच. बहुधा तशीच, थोडी सिलिकेटची, थोडी कोळशाची. त्यामुळे धुळीविषयी जे सुंदर सुंदर मला सुचतं ते लिहिताना हात अडखळतो. आकाशातली धूळ कुणाच्या छातीत जात नाही, म्हणून तिचं कौतुक करणं सोपं आहे. रात्री पुस्तक वाचताना भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू येते आणि मी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचते.

चुंबळीची गोष्टही वाटते तितकी सरळ राहिलेली नाही. २०१३ साली ह्योनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारानालहूनच एनजीसी ३७८३ पाहिली, तेव्हा मध्यम अवरक्तातली बरीचशी ऊब कड्यातून येतच नव्हती. ती येत होती वर-खाली, ध्रुवांच्या दिशेनं, जिथं धूळ नसावी असं सगळे धरून चालले होते. बहुधा प्रकाशाच्या दाबानंच ती वर उधळली जाते. म्हणजे चुंबळीवरून निघालेला धुराचा लोट. २०२० मध्ये एका चमूला एनजीसी १०६८ च्या गाभ्यात जाड कडं दिसण्याऐवजी एक पातळ कडी दिसली, आणि चुंबळ मुळात आहे की नाही इथपासून शंका निघाली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये व्हायोलेता गामेझ रोसास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारही दुर्बिणी जोडून, ३ पासून १३ मायक्रॉनपर्यंत पाहून, कुठं किती ऊब याचा नकाशाच काढला आणि कृष्णविवर जाड धुळीच्या आडच असल्याचं दाखवलं. एकाच दीर्घिकेवर, एकाच डोंगरावरून, दोन वर्षांत दोन मतं. पुस्तकात छापलेलं सगळं ठरून गेलेलं असतं अशा समजुतीत आम्ही नोट्स पाठ करतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गेल्या मार्गशीर्षात मालकानं मोठी भट्टी लावली. रात्री जेवणं झाल्यावर मी आबांना एम ७७ ची जागा दाखवली. तिमिंगलाचा डेल्टा नावाचा एक फिका तारा आहे, त्याच्या अगदी शेजारी; त्या वेळी जवळजवळ डोक्यावर, थोडी दक्षिणेकडे कललेली. नुसत्या डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही, छोटी का होईना दुर्बीण लागते, आणि ती आमच्याकडे नाही.

"काय दिसतंय?" आबांनी विचारलं.

"काही नाही. तिथं आहे एवढंच."

ते मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आन जळण कुठनं येतं त्येला?"

मी सांगितलं, भोवतीच्या कड्यातूनच. तीच धूळ, तोच वायू फिरत फिरत आत पडतो आणि गाभा पेटता राहतो.

"म्हंजे भिंतच जळण," आबा म्हणाले, आणि खोकत उठून पश्चिमेकडच्या कोपऱ्याकडे गेले. तिथला ताव अजून चढला नव्हता.